अकराव्या भागाचे मालक

औंढ्याला माणसं नागनाथाच्या दर्शनाला येतात. दर्शन झालं की पेढे घेतात, लेकरांना पिपाणी घेऊन देतात आणि एस.टी. गाठतात. आमचे घरमालक, काका, त्यांना बरोबर पेढे आणि एस.टी.च्या मधे पकडायचे.

"दर्शन बराबर झालं न्हवं? मग आता चला, अकरावा भाग दावतो."

लोकांना वाटायचं, असेल काही स्थानमाहात्म्य. लातूरकडची, नगरकडची भोळी माणसं निमूट त्यांच्या मागं निघायची. काका पुढं, हातात मिटलेली छत्री. पहिला मुक्काम धान्याच्या एका गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी. छत्री वर जायची. "हा राजवाडा." लोक बघायचे. समोर शेवाळलेली भिंत आणि खाली बांधलेली शेळी. मग एक आड, मग चार दगडी पायऱ्या, मग शिरड शहापूरच्या रस्त्यावरची एक चिंच. चिंचेखाली जमिनीवर चुन्यानं काढलेला एक गोल. त्या गोलात कुणाचा पाय पडला की काका ओरडायचे, "सरका, सरका! इथं कॅमेरा व्हता!"

तेव्हा कुठं उलगडा व्हायचा. टीव्हीवर मागं एक मालिका लागायची. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणाऱ्या जुन्या काळच्या तांड्यांची गोष्ट होती. तिचा अकरावा भाग मुंबईच्या लोकांनी औंढ्यात येऊन चार दिवसांत काढला होता. राजवाडा, नदी, आड सगळं औंढ्यातलं. लोक हसायचे, काका त्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजायचे, आणि बहुतेकांची एस.टी. चुकायची.

मी नर्स. नोकरी लागली ती औंढ्याला, नव्वदचं दशक अर्धं सरलेलं असताना. खोली शोधत त्यांच्या दारात गेले तर भाडं नाही, जात नाही, गाव नाही, पहिला सवाल हा, "सिस्टर, तुमी अकरावा भाग बघितला का?"

"कशाचा?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "ऱ्हाऊ द्या. वरची खोली हाय. पाणी मुबलक." पाणी मुबलक असणारच होतं, कारण गावाला पाणी सोडायची नोकरी त्यांचीच होती. मी सामान टाकलं आणि पुढं नऊ वर्षं त्या खोलीत राहिले.

हा सवाल ते सगळ्यांना करायचे. बस कंडक्टरला, बदलून आलेल्या मास्तरांना, कापूस घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मिरवायची हौस. हौस होतीच म्हणा. पण नुसती हौस नव्हती, हे कळायला मला दोन वर्षं लागली. माणसं ओळखण्यात मी तशी कच्चीच.

काकांच्या बैठकीत देवाच्या फोटोशेजारी एक कागद काचेत बसवून लावलेला होता. मला वाटलं सत्कार-बित्कार झाला असेल. जवळ जाऊन वाचलं तर कारणे दाखवा नोटीस! त्याचा किस्सा असा, की अकराव्या भागात एक भरलेली नदी आहे आणि ती मंडळी आली होती चैतात. चैतात आमच्याकडं नदी कुठून आणणार? ओढ्यात धुरळा उडत होता. मुंबईची माणसं हिरमुसली. काका म्हणाले, "दीड तास नदी पायजे ना? द्या टाइम सांगून." आणि या गृहस्थांनी गावच्या टाकीचं सगळं पाणी ओढ्यात सोडलं. दीड तास नदी वाहिली, तिच्यातून बैल गेले, कॅमेरा फिरला, आणि गाव दोन दिवस कोरडं राहिलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या, तेव्हा हे महाशय पंपघरात कडी लावून बसलेले आणि शिव्या खायला काकू.

"इतकं बोलल्या बाया मला, इतकं बोलल्या," काकू अजून सांगायच्या. "माझ्या बापाला काहून मधी आणलं ते मातर कळलं न्हाई."

"पण शूटिंग झालं याचा दुसरा काय पुरावा हाय औंढ्यात?" काका नोटिशीकडं बोट करायचे. "सरकारी कागद हाय. त्यावर लिहिलंय, चित्रीकरणासाठी पाणी सोडलं. सही-शिक्का हाय." दर दिवाळीला ते ती काच पुसायचे आणि तिला झेंडूची माळ घालायचे.

गाण्याची गोष्ट वेगळी, ती नीट सांगायला हवी.

त्या भागात एक तांड्याची पोरगी लग्न होऊन सासरी निघते. त्यासाठी मुंबईकरांना खरा ढावलो पाहिजे होता. ढावलो म्हणजे लमाणांच्या नवरीनं निघताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणायचं गाणं. जवळच्या तांड्यावर सोनाबाई नावाची बाई ढावलो म्हणण्यात एक नंबर. शेरडं-मेंढरं राखणारी, चाळिशी ओलांडलेली, कोपरापर्यंत बांगड्या आणि जीभ दुधारी. काका त्या लोकांना घेऊन तिच्याकडं गेले. त्यांनी लांब दांडीचा माईक तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, गा.

सोनाबाई म्हणाली, "कुणाच्या गळ्यात पडून गाऊ? ह्या दांडक्याच्या?"

त्यांनी समजावलं, नुसतं गाणं पाहिजे. ती काही ऐकेना. "ढावलो असा रिकामा म्हणत न्हाईत. निघायला कुणी पायजे, रडायला कुणी पायजे. रिकामं रडाया मी काय येडी हाय?" आवाजवाला माणूस घड्याळ बघायला लागला. ऊन चढलं. मुंबईच्या एका पोरीनं आपला गळा पुढं केला तर सोनाबाई म्हणाली, ही माझी कोण?

शेवटी काका पुढं झाले. टोपी काढली. "आक्का, तू सासरी निघालीस आन मी तुझा भाऊ. ये, माझ्या गळ्यात पड."

सोनाबाईनं त्यांना खालवर बघितलं आणि खरंच त्यांच्या गळ्यात पडून तिनं ढावलो धरला. काका सांगायचे, पहिल्या ओळीला त्यांना हसू येत होतं. एवढी मोठी बाई, अंगाला शेरडांचा वास, आणि भोवती मुंबईची माणसं. दुसऱ्या ओळीला हसू गेलं. तिसऱ्या ओळीला सोनाबाईनं त्यांच्या पाठीवर थाप मारत आईबापाचं घर, बैलं, कुत्रं, पाण्याचा घडा असं एकेकाला सोडून चालल्याचं सांगायला घेतलं आणि काकांना हुंदका फुटला. तो हुंदका माईकमधे गेला. काका माफी मागायला लागले तर तो आवाजवाला म्हणाला, राहू दे, हेच पाहिजे होतं.

तेव्हापासून काका जो भेटेल त्याला सांगायचे, "त्या गाण्यात मधी एक हुंदका हाय. त्यो माझा."

सोनाबाईनं मात्र प्रकरण तिथं संपवलं नाही. ती मंडळी गाड्यांत बसून निघाली तशी तिनं काकांना अडवलं. "गळ्यात पडून रडले म्हंजे तू माझा भिया झालास. आता खोटं न्हाई चालायचं." भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. आणि काकांनी ते खोटं चालवलं नाही. दर दिवाळीला चोळी-बांगडी घेऊन ते तांड्यावर जायचे, दर पंचमीला सोनाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आमच्या दारात हजर व्हायची आणि काकूंना सांगायची, "वयनी, तुज्या हातचा चहा लई पातळ." काकूंना सख्खी नणंद नव्हती. ती हौस अशी फिटली.

आता काका गाणं विसरणाऱ्यातले नव्हते. लांब दांड्याची चावी घेऊन गल्लीगल्लीत पाणी सोडत फिरायचे तेव्हा तोंडानं ढावलो चालू. चावी जड, आटे घट्ट, त्यामुळं एका ओळीला एक फेरा. बायांना तो सूर पाठ झाला. लांबून काकांचं गुणगुणणं ऐकू आलं की घागरी, बादल्या, पिपं धडाधड दारात. पोरीबाळी पाणी भरताना तेच गुणगुणायच्या. औंढ्यात त्याला नळाचं गाणं म्हणायचे. एकदा सोनाबाई बाजाराला आली तर एक सात-आठ वर्षांची पोरगी हंडा भरत तिचा ढावलो म्हणत होती. सोनाबाई तिथंच बसली. "लेकरा, लगीन कधी हाय तुझं?" पोरगी म्हणाली, "लग्न कशाचं, पाणी आलंय." सोनाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग आमच्या दारात येऊन तिनं काकांना धुतलं. "तुज्या मायला, माजं रडणं नळाला लावलंस व्हय रे!"

काकांचं एक पालुपद होतं, "हलू नका!" पोरं अंगणात नाचायला लागली, हलू नका. काकू चहा ओतायला लागल्या, हलू नका. मी त्यांना इंजेक्शन द्यायला बसले की मी म्हणायची, "काका, हलू नका," आणि ते सुई टोचलेली असतानाही हसायचे. "सिस्टर, माझं वाक्य मलाच?" मला कळायचं नाही यात एवढं काय.

कळलं ते असं. एका दुपारी यात्रेकरूंमधल्या एका चुणचुणीत पोरीनं त्यांना विचारलं, "नवरीच्या ओढणीचा रंग कोणता होता हो?" काका म्हणाले, "टीव्ही काळा-पांढरा व्हता ना बाळ." बरं. "मग बैल पांढरा होता की काळा?" काका छत्री उघडून बघायला लागले. "ती आधी पायऱ्या उतरते की आधी आडापाशी जाते?" काकांनी विषय बदलून सगळ्यांना चहाला चला म्हटलं. मी तिथंच होते. घरी आल्यावर मी त्यांना छेडलंच. "काका, थापा मारता होय? बैलाचा रंग माहीत नाही आणि अकरावा भाग दाखवता?"

ते उठले. चावी उचलली आणि पाण्याची वेळ नसताना टाकीकडं निघून गेले. माझं तोंड भारी वाईट, हे मला तेव्हाही माहीत होतं.

काकू चुलीपुढं बसून होत्या. "त्यांनी बघितलाच न्हाई गं तो भाग."

"म्हणजे?"

"मग काय! त्या रविवारी सकाळी आपल्या अंगणात पन्नास माणूस. टीव्ही बाहेर काढलेला. आन नेमकं वारं सुटलं. हे गच्चीवर जाऊन ॲंटेना फिरवून राहिले. खालून पोरं वरडायची, आलं, गेलं, आलं, गेलं. ह्यांनी धरला की चित्र साफ. सोडून दोन पायऱ्या उतरले की गेलं! तीनदा उतरले, तीनदा गेलं. मग खालून सगळे एकदम वरडले, हलू नका! तवापासून जे उभे ऱ्हायले ते भाग संपेपर्यंत. आवाज तेवढा वर गेला. गाणं ऐकलं, आपला हुंदका ऐकला. दिसलं काहीच न्हाई."

"आणि सोनाबाई?"

"ती कुठं व्हती? तांडाच सगळा ऊसतोडीला गेलेला. तिनं तर ऐकलंबी न्हाई."

आता मला ते सवाल कळले. तुमी अकरावा भाग बघितला का, हे ते मिरवायला विचारत नव्हते. कुणीतरी सांगावं म्हणून विचारत होते. गावातल्या पन्नास माणसांना त्यांनी विचारून बघितलं होतं. पण त्या पन्नासातला जो तो आपापली शेळी, आपापली भिंत, आपापला पोरगा शोधत बसलेला. कुणी म्हणे नदी समुद्राएवढी दिसत होती, कुणी म्हणे नदी नव्हतीच. माणसानं जागा दाखवल्या, पाणी सोडलं, नोटीस खाल्ली, रडून दिलं, आणि बघितलं सगळ्या देशानं, एक त्याला सोडून. मला इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी टाकीवर जाऊन मी त्यांची माफी मागितली.

"माफी कशाला पोरी," काका म्हणाले. त्या दिवसापासून मी सिस्टरची पोरी झाले. "एक ना एक दिवस पुन्हा लावतील. मला बघायचाय. आन आक्काला ऐकवायचाय, जबान दिलीय मी तिला. आपला आवाज कसा हाय हेच तिला म्हाईत न्हाई. बघ, कशी गंमत."

मग पोस्टकार्डं. दर महिन्याला एक, टीव्ही केंद्राच्या पत्त्यावर. 'कृपया अकरावा भाग पुन्हा दाखविणे. बाकीचे भाग नाही दाखविले तरी चालतील.' ही सूचना मी त्यांना खोडायला सांगायची आणि ते पुढच्या कार्डात तीच अधोरेखित करायचे. उत्तर कधी आलं नाही. पोस्टमन मात्र त्यांना बघितलं की आपण होऊन मान हलवायचा.

आणि एक दिवस, नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील, सरकारी चॅनलनं दुपारच्या वेळात जुन्या मालिका पुन्हा लावायला घेतल्या. काकांची मालिका सुरू झाली. रोज एक भाग. काकांनी बोटांवर मोजलं, अकरावा शुक्रवारी येतो, दुपारी तीनला. त्या आठवड्यात त्यांनी गावाला इतकं पाणी सोडलं की गटारं वाहिली.

अडचणी दोन. एक, औंढ्यात तेव्हा दुपारी लोडशेडिंग. दोन, सोनाबाईचे गुडघे गेलेले आणि दमा वाढलेला. तिला तपासून येणारी मीच. तिला उठवून औंढ्याला आणायचं म्हणजे धोकाच. तांड्यावर केबल नाही.

"मग आपणच जाऊ तिच्याकडं," काका म्हणाले. माळ्यावरचा लहान काळा-पांढरा टीव्ही त्यांनी उतरवला. तो बॅटरीवर चालायचा. गच्चीवरचा तोच जुना ॲंटेना बांबूसकट उपटला. शुक्रवारी दुपारी एका जीपमधे टीव्ही, बांबू, काका, काकू आणि मी, अशी आमची वरात तांड्यावर पोचली. सोनाबाईच्या लेकानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून ठेवलेलीच होती. घरासमोर चटया टाकल्या. सगळ्यात पुढं सोनाबाई, ठेवणीतली ओढणी घेऊन, नाकात नथ, मांडीवर नातीचं लेकरू.

टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तांडा डोंगराच्या कुशीत, तिथं काय येणार? काकांनी सवयीनं बांबू उचलला आणि घराच्या शिडीकडं निघाले.

मी त्यांचा सदरा धरला. "कुठं चाललात?"

"ॲंटेना धरायला कोण मग?"

"मी. तुम्ही आज खाली बसायचं. सोनाबाईजवळ. बसा म्हणते ना!"

"तुला जमायचं न्हाई पोरी, वारं हाय."

"रोज पन्नास लेकरं धरून सुया टोचते मी. ती जास्त हलतात. बसा खाली."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना सोनाबाईशेजारी बसवलं. मी पदर खोचला, शिडी चढले, घराच्या स्लॅबवर उभी राहिले आणि बांबू धरला. तीन वाजत आले होते. ऊन रणरणत होतं. खाली मला टीव्हीची फक्त पाठ दिसत होती, आणि टीव्हीसमोर साठ-सत्तर डोकी.

"न्हाई आलं! जरा डावीकडं!" लेकरं ओरडायला लागली. मी फिरवला. "गेलं! उजवीकडं!" फिरवला. "चित्र आलं! चित्र आलं! पण आवाज न्हाई, खरखर व्हायली!" मी अजून थोडा फिरवला, आणि माझ्या पायाखालून अचानक आवाज वर आला. डफाचा, बैलांच्या घुंगरांचा. त्याबरोबर काकांची आरोळी.

"हलू नको! आलं पोरी, आता हलू नको!"

मी जी थिजले ती थिजलेच. हात भरून आले, कोपरं थरथरायला लागली, घाम डोळ्यांत उतरला, एक माशी नाकावर बसली ती बसूनच राहिली. मी हलले नाही. आणि मग तो ढावलो सुरू झाला. नऊ वर्षं नळावर ऐकलेलं गाणं, पण हा आवाज कोवळा, धारदार, आत कुठंतरी कापत जाणारा. खाली तांडा चिडीचूप. तिसऱ्या ओळीनंतर एका पुरुषाचा हुंदका आला आणि वर स्लॅबवर, बांबू धरून, मीही रडले. पुढं माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी रडले नाही.

भाग संपला. खालून टाळ्या. सोनाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. "आवाज माझाच! पण भिया, म्हशीवानी काय रडलास रे!"

काका गुडघे धरत शिडी चढून वर आले. तांब्याभर पाणी माझ्या हातात दिलं. डोळे लालबुंद.

"दिसलं का काका?"

"आरशावानी," ते म्हणाले. "आरशावानी साफ दिसलं पोरी."

परत येताना जीपमधे त्यांनी अख्खा भाग सांगितला. बैल पांढरा, शिंगांना लाल गोंडे. काळा-पांढरा टीव्ही असून लाल कसे, हे मी या वेळी विचारलं नाही. नवरी आधी पायऱ्या उतरते, मग आडात वाकून बघते. नदी काठोकाठ. गोदामाची भिंत तर अशी दिसते की खरा राजवाडा लाजेल. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, थकल्या असतील. मी इतकी खूष होते की रात्री दोन्ही खांद्यांना बाम चोळून झोपले आणि झोपेतही हसले असेन.

तीन आठवड्यांनी पोलिओचे डोस पाजायला तांड्यावर गेले. सोनाबाई अंगणात उन्हाला बसली होती.

"काय मग, बघितला ना अकरावा भाग?" मी शेखी मिरवत म्हटलं.

"ऐकला," ती म्हणाली. "बघतीस काय, नुस्त्या मुंग्या व्हत्या."

"मुंग्या? काका तर म्हणाले, साफ दिसलं."

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग जवळ बसायची खूण केली.

"तू फिरवलास तवा एक डाव चित्र आलं व्हतं. आवाज न्हवता. अजून फिरवलास, आवाज आला, चित्र गेलं. एक यायचं तर दुसरं जायचं. आन तेवढ्यात माझं गाणं आलंच. मी म्हणलं भिया, सांग तिला, मागं फिरव म्हणाव. तुला बघायचंय न्हवं? इतकी वरसं थांबलास. तर माझा हात धरला. म्हणला, आक्का, तू ऐक. आन तुला वरडला, हलू नको."

"मग काका... सगळा वेळ?"

"सगळा वेळ मुंग्यांकडं बघत बसला. आन मला सांगून राहिला, हे बघ आक्का, आता तू पायरी उतरून राहिलीस. हे बघ, आता आड. आमी सगळे म्हणलो, व्हय, व्हय. काय करावं मग?" तिनं ओढणीनं डोळे पुसले. "त्याला सांगू नको. तू वर उनात उभी व्हतीस ते त्याला लई लागलं व्हतं. म्हणला, पोरीला वाटाया पायजे की दिसलं."

मी उठून लेकरांना डोस पाजले. एकाला तर दोनदा पाजणार होते.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली हिंगोलीला झाली. तरी औंढ्याला गेले की मी काकांना म्हणायची, "सांगा ना काका, अकरावा भाग." ते सांगायचे. दर वेळी जरा जास्तच दिसलेलं असायचं. एकदा नवरीच्या मागं एक कुत्रं आलं, पुढच्या वेळी त्या कुत्र्याला पिल्लं झाली. सोनाबाई गेली त्या वर्षी भागात पहिल्यांदाच नवरी निघताना मागं वळून हसली. त्यावर काकूंनी आणि मी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी चहा करायला उठलो.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा काका चिंचेखाली चुन्याच्या गोलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. समोर अकोल्याकडचं एक जोडपं, हातात पेढ्याचा पुडा. काका छत्रीनं दाखवत होते, नदी कुठून आली, बैल कुठून गेले. तो माणूस जरा हुशार निघाला. "एवढं सगळं तुम्हाला इतकं नीट आठवतं? कधीतरी एकदा बघितलेलं?"

"मला दिसलंच आरशावानी," काका म्हणाले, आणि त्यांनी छत्री माझ्याकडं वळवली. "ह्या पोरीमुळं. तांड्यावर भर उनात ही ॲंटेना धरून उभी व्हती. अख्खा भाग. जरासुद्धा हलली न्हाई."

ती दोघं कौतुकानं माझ्याकडं बघायला लागली. काकासुद्धा बघत होते, जरा घाबरल्यासारखे. मी पदर खोचला, हसले आणि आहे तिथंच उभी राहिले.

"नाही हलले," मी म्हटलं.